मुद्देमाल

टिपणीस बाई अकराला येतात,
ठाणे कोर्टामागच्या रेकॉर्ड रूममध्ये
रुमाल सोडत बसतात.
गाठ माझी, नखं त्यांची.

एकोणीसशे दहाचा खटला, छापखाना खारकर आळीतला.
निकालपत्र चौदा पानी,
आणि ज्या ओळीपायी दीड वर्षं सक्तमजुरी
ती ओळच त्यात नाही.
‘येथे उद्धृत करण्याजोगी नव्हे’, एवढंच.

सहा वर्षं बाई ती ओळ शोधतायत.
मी एकदा म्हटलं, शिवी असेल हो.
त्या हसल्या नाहीत.

काल जप्तीचा पंचनामा निघाला, कसर लागलेला:
ट्रेडल यंत्र एक, शाईचे डबे तीन,
शिशाचे खिळे साडेसात मण.
मागे जुळाऱ्याची जबानी, खाली अंगठा:
‘वाचता येत नाही, हुजूर.
उलटी अक्षरं तेवढी ओळखतो.’

बाईंनी चष्मा काढला.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाल्या, मोकल, ओळ यातच आहे की,
साडेसात मणांत कुठेतरी,
सुटी सुटी.

मला काय बोलावं कळेना.
चहा सांगितला.
पाचला रुमाल बांधायला घेतला,
गाठ जरा सैलच मारली.