पाठ

लास प्लूमास सोडलं तेव्हा अकरा जण होतो.
लोस आल्तारेसपर्यंत शंभरावर किलोमीटर,
आणि समोरून वारा.
इथे वारा घरातल्या थोरल्यासारखा,
त्याला विचारल्याशिवाय काही हलत नाही.

आन्सेल्मोने शिट्टी मारली,
टपाल वाटायचा तेव्हा मारायचा तीच,
आणि आम्ही रांगेला लागलो, चाकामागे चाक, मध्ये वीतभर रस्ता.
पुढच्याने चार मिनिटं वारा खायचा,
मग बाजूला सरून शेपटीला यायचं.
वारा खायला जाणं म्हणजे काय, ते पातागोनियात कळतं.

माझ्या पुढे एलुनेद. एकाहत्तर वर्षांची.
माझी चार-चार मिनिटं सोडली
तर सातपासून मी तिची पाठच बघतोय.
डावा खांदा जरासा वर.
पिवळी जर्सी, उसवली तिथे निळ्या दोऱ्याने शिवलेली:
दोन टाके जवळ, तिसरा लांब, कंटाळा आल्यासारखा.
दहाला मणक्यावर मिठाची एक रेघ उमटली,
बाराला तिचं आखात झालं,
बेटंसुद्धा आली.

गायमानच्या शाळेत तिने आम्हाला भूगोल शिकवला.
तेव्हाही ती फळ्याकडे वळलेली असायची
आणि मी पाठीमागून बघायचो.
नद्या पाठ झाल्या नाहीत, राजधान्या नाहीत.
ही पाठ तेवढी पाठ झाली,
पन्नाशी उलटल्यावर.

साठाव्या किलोमीटरला ओर्तेन्सिओच्या चाकाचे तीन आरे तुटले.
नेलिदाने त्याला व्हॅनमध्ये घातलं, मागे नेलं
आणि सगळं पाणीही त्याच्याबरोबर गेलं.
हे लक्षात आलं तेव्हा व्हॅन ठिपका होऊन गेली होती.
कुंपणापलीकडून ग्वानाको आमच्याकडे बघत होते,
चुकीच्या लग्नाला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसे.

मग सत्तराव्याला ती घुमटी.
दिफुन्ता कोरेया: वाळवंटात तहानेने मेलेली बाई,
मेल्यावरही छातीला लावलेलं मूल जगवणारी.
ट्रकवाले तिच्यासाठी पाणी ठेवतात.
शेकडो बाटल्या, उन्हाने वाकड्या झालेल्या,
काहींवर फोडापेटीएवढी धूळ, काही कालच्याच.

कोणी सायकलवरून उतरेना. मग सगळेच उतरलो.
आन्सेल्मो म्हणाला, मेलेल्या माणसाचं पाणी पिऊ नये.
रामोना म्हणाली, ती आई आहे, नाही म्हणेल का?
एलुनेदने हातमोजे काढले.
ती चॅपेलवाली, संत मानत नाही, मेणबत्ती लावत नाही.
खाली वाकून तिने लेबलं वाचली,
आम्हा मुलांच्या वह्या तपासायची तशी,
आणि दोन बाटल्या निवडल्या.
पहिला घोट तिने घेतला. थांबली.
आम्ही तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.
"गरम आहे," म्हणाली, "आणि प्लॅस्टिकचं आहे. प्या."

नऊ जणांनी प्यायलो. आन्सेल्मोनेही,
पाठमोरा होऊन.

लोस आल्तारेसचे तांबडे कडे
संध्याकाळी भट्टीतून काढल्यासारखे दिसत होते.
नेलिदाने मसुराचं कालवण रांधलेलं,
ओर्तेन्सिओ नव्या चाकाचं कौतुक सांगत होता.
एलुनेदने ताटली अर्धी टाकली, व्हॅनची किल्ली मागितली.
"एव्हारिस्तो, तू चल. रात्री मला कमी दिसतं."

चाळीसेक किलोमीटर उलट.
दिवसभर ज्याच्याशी भांडलो तो वारा आता पाठीशी,
गाडी फुकटात पळत होती.
शेजारी बसलेली ती मला ओळखू येईना.
गालावर एक जुना व्रण, तो मी कधी बघितलाच नव्हता.
"तू मानतेस का तिला?" मी विचारलं.
"नाही. म्हणूनच उधारी नको.
मानणाऱ्यांचं ती बघून घेईल."
मग बऱ्याच वेळाने,
"उद्या माझ्यापुढे तू राहा. मला एकच पाठ बघायचा कंटाळा आलाय."
म्हणजे तीही कोणाची तरी पाठ करत होती.

दिव्यांच्या उजेडात तिने चार बाटल्या ठेवल्या,
दोनाच्या चार.
मी झाकणं घट्ट करायला वाकलो,
तर तिने माझा हात धरला.
"सैल राहू दे," म्हणाली,
"तिला उघडता यायला हवं."