बंदर डावीकडे

फेरीबोट बर्फात अडकून आज अकरा दिवस झाले.
धक्क्यावरचा क्लॅरेन्स फोनवर रोज तेच सांगतो :
वारा ईशान्येचा आहे तोवर काही हलायचं नाही, ड्रुसिला.
आणि वर, तुझ्याकडे पीठ आहे ना?
पीठ आहे. बटाटे आहेत.
लेस्टर पलीकडे आहे, गँडरच्या इस्पितळात,
नव्या गुडघ्यासकट.
मी अलीकडे, शिवणयंत्रापाशी.

छपाईचे कागद शनिवारीच संपले.
मग मी त्याची वही काढली,
अठ्ठ्याण्णव सालच्या खेकड्यांच्या हंगामाची.
सापळे किती, पाणी किती वाव, वजन किती पौंड,
आणि समासात मधूनच :
धुकं.
धुकं.
ड्रुचा वाढदिवस, विसरलो.
परत धुकं.

त्याच्या आकड्यांवर पट्टी ठेवून मी रेघा मारल्या.
शीड तीन तुकड्यांचं, नाव दोन, पाणी सात.
पाण्याला त्याचाच निळा सदरा, कोपराशी विरलेला.
शिडाला आयव्हीच्या स्वयंपाकघरातला लाल पडदा
(तिनं तो उंबऱ्यावर ठेवला, कंबरभर बर्फातून,
आणि रस्त्यावरूनच ओरडली, परत नको आणूस).

हे काम मुळातच उलटं.
कापड कागदाच्या पाठीशी, जिथं दिसत नाही तिथं,
आणि टीप मारायची पुढून, रेघेवरून, विश्वासानं.
दिव्यासमोर धरून बघायचं
तुकडा रेघेपलीकडे पाव इंच तरी गेलाय का.
नसेल तर उसवा.
टाका इतका बारीक की उसवताना
यंत्र विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

रात्री साडेनऊला शेवटची टीप मारली, इस्त्री फिरवली,
चौकोन पालथा केला
आणि बघते तर
नाव बाहेर निघालेली.
मी तर ती आत येताना काढली होती,
नाळ उजवीकडे, बंदराकडे.
कागदावर येणारी
कापडावर जाणारी होते,
हे चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईला
माहीत असायला नको?

लेस्टरला फोनवर सांगितलं.
तो बराच वेळ हसला, मग गुडघा दुखला म्हणून थांबला.
म्हणाला, उसवू नकोस. बंदर हलव.

म्हणजे पुढचा चौकोन, धक्का आणि दोन दिवे,
मी डावीकडे जोडायचा ठरवला.
बोटीला काय त्याचं,
तिच्या नाळेसमोर जे येईल ते बंदर.

आता कागद फाडायचा.
टिपेनं त्याला इतकी भोकं पाडलेली असतात
की तो भांडत नाही,
नखानं जरा उचलला की निघतो, टर्रर्र, एका सरळ रेघेत.
एका पट्टीवर *धु* आला, दुसरीवर *कं*.
चारशे पौंड दोन ठिकाणी विभागले गेले.
कोपऱ्यातले बारके कपटे चिमट्यानं ओढायचे,
ते निघता निघत नाहीत,
मांडीवर, गालिच्यावर, मांजराच्या पाठीवर
अठ्ठ्याण्णव साल पडलेलं.
*विसरलो* चुलीत गेलं.

एक त्रिकोण मात्र मी काढला नाही.
सुकाणूखालचा. तिथं माझं अर्धं नाव आहे
आणि वाढदिवसातला वा.
पहिल्या धुण्यात त्याचा लगदा होणार, कळतं मला.
तोवर हात फिरवला की
कापडाच्या आतून
कुणी घसा खाकरावा तसा तो कुरकुरतो.

क्लॅरेन्सचा फोन आला नाही अजून.
खिडकीबाहेर बर्फ, बर्फाखाली बहुधा समुद्र.
उद्या घराचा चौकोन घेईन.
दार कुठल्या बाजूला येईल,
ते आधी आरशात धरून बघते.