करटीखालचं पाखरू

मडगावच्या भाच्याने त्याचा जुना कॅमेरा
माझ्या गळ्यात अडकवला,
म्हणाला, मावशी, पेन्शनीत बसून काय करशील,
पाखरं टिप.

चिकूच्या फांदीला मी करटी टांगली.
तीन भोकं, काथ्याची दोरी,
आत मूठभर उकडे तांदूळ.

पहिल्या आठवड्यात कावळे.
मग बुलबुल, सासरवाडीला आल्यासारखे.
मग एक खार. तिचे माझ्याकडे
एकशे बारा फोटो आहेत
आणि एकातही तोंड नाही.

वही घातली. लोटलीच्या शाळेत
सत्तावीस वर्षं हजेरी घेतलेला हात,
"कावळा, हजर" लिहिताना अडखळत नाही.

आणि परवा मंगळवारी, सकाळी,
करटीत नव्हे, करटीखाली,
खारीने सांडलेल्या दाण्यांतून
काहीतरी हिरवं चालत गेलं.

पान म्हणावं, तर पानाला लाल चोच नसते.
पंखांवर हिरव्यात तांब्याची झाक,
छाती कोकमाच्या पाण्यात बुडवून काढलेली.
पाचू होला!
पुस्तकात त्याच्यापुढे 'घनदाट जंगल' लिहिलंय.
माझ्या परसात कुठलं जंगल?
न्हाणीचं पाणी, अळू, दोन माड, धुण्याचा दगड.

श्वास धरला. बटण दाबलं.
तेवढ्यात वळणावर पोदेराचा भोंगा.
टाळी वाजावी तसे पंख वाजले
आणि दाणे तेवढे राहिले.

फोटोत होला म्हणजे
खालच्या कोपऱ्यात एक हिरवा ओरखडा.
कॅमेऱ्याने नजर धरली ती मागे,
गडगा ढासळलाय त्या खिंडारावर.
तिथे, एकेक चिरा मोजता येईल इतका स्वच्छ,
आगुस्तीन.
बनियन. एका हातात ब्रश, तोंडाला फेस,
दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर:
गप्प. हलू नकोस.

मला म्हणाला, की त्याच्या कुत्र्याला?
माझ्या फणसाच्या मुळांनी गडगा पाडला तेव्हापासून
अकरा वर्षं आम्ही बोललो
ते वकिलाच्या तोंडून,
एक-चौदाच्या उताऱ्यावर बोट ठेवून.

वहीत लिहिलं: होला, एक.
पुढच्या ओळीवर पेन टेकवून
बराच वेळ बसले.

आज तांदूळ जरा जास्त काढले,
थोडे खिंडारापाशी टाकले.
पोदेराला सांगितलं,
बाबा रे, वळणावर वाजवू नकोस उद्यापासून,
आम्ही दोघंही
उठलेलेच असतो.