ओहोटीचं दूध

एदेल्मिरा, तुमच्या मुलाला
सान्तियागोत येऊन नऊ वर्षं झाली.
समुद्र इथून दिसत नाही,
तरी त्याची भूक रोज
पाऊण तासानं पुढे सरकते.
आज चारला, उद्या पावणेपाचला.
डॉक्टर हसले.
मी वहीत आकडे मांडले, आणि तुम्हाला फोन केला.

"ओहोटी लागली की मी कालवं काढायला जायची,
पाणी चढलं की परत.
तोवर हा रडायचा.
मग रडायचा थांबला."

एवढंच बोललात.
मागे कोणीतरी लाकडं फोडत होतं.

आता तुमची नात माझ्या मांडीवर आहे.
मी मेट्रोचे डबे धुते, रात्री अकरा ते पाच.
हाताचा क्लोरीन जात नाही.
उभ्या उभ्याच बटणं सोडते,
आणि ही डोळे टक्क उघडे ठेवून पिते,
जणू डोळा लागला तर स्टेशन चुकेल.

काय उतरतंय हिच्यात, दुधाखेरीज?

काल पहाटे खालून रिकामी गाडी गेली,
फरशी थरथरली,
आणि ही झोपली. गाढ.

शेजारी तुमचा एलिसेओ उठून बसला, भुकेला.
न विचारता मी पाव कापला.
तिकडे चिलोएत
पाणी चढत असणार.