उतराई

पुस्तकात ती नदी ओलांडायला अकरा प्रकरणं लागतात.
मालिकेत पूल आहे.

पूल मी बांधला.
मी, इद्रिस प्रोसर, सुतार, ब्लाइनाय फेस्टीनिओगचा.
सहा आठवडे, चार माणसं,
आत लोखंडी सांगाडा, वरून लार्चच्या फळ्या,
आणि फळ्यांवर तीनशे वर्षांचं म्हातारपण
तारेच्या ब्रशनं आणि चहाच्या पाण्यानं चढवलेलं.

आराखडा हातात आला तेव्हा विचारलं होतं,
"आणि ओर्व?"
पटकथेवाली पोरगी लंडनची. चांगली होती,
दोन रात्री झोपलेली नव्हती.
"कोण? अच्छा, तो नावाडी.
तो दुसऱ्या मसुद्यात गेला."
गेला.
दुकानात पाव आणायला जावं, तसा.

ओर्व भाडं नाण्यांत घेत नाही.
नावेत पाय ठेवायचा तर
आजवर कुणालाच न सांगितलेली
एक गोष्ट सांगायची.
राणी तेसिन सात दिवस काठावर बसून राहते.
सैन्य गारठतं, घोडे मरतात,
तिच्या तोंडून शब्द फुटत नाही.
आठव्या दिवशी ती सांगते.
काय, ते लेखिकेनं लिहिलेलंच नाही.
पानभर नुसता वल्ह्याचा आवाज आहे.

ते पान मी गाडीत बसून वाचलं,
गावाबाहेर, तळ्यापाशी, काचा बंद करून,
कारण खाण बंद झाली हे घरी सांगितलं नव्हतं.
तीन आठवडे रोज डबा घेऊन निघत होतो
आणि रिकामा करून परतत होतो.
त्या रात्री मारेदला सांगितलं.
ती बराच वेळ भांडी घासत राहिली.
मग म्हणाली, डबा तरी
घरी बसून खायचास.

आता खरं बोलायचं, तर
त्या अकरातली चार प्रकरणं निव्वळ चिखल आहे.
लव्हाळ्यांच्या जाती मोजत बसते बाई.
माझ्या हेलेदनं ती पानं केव्हाच उडवली होती.
आणि पुस्तकात अर्ध्या वाक्यात मेलेली धाकटी बहीण
मालिकेत चेहरा घेऊन आली,
दात पडलेला, एक बूट उलटा घातलेला.
तिच्यासाठी मी रडलो,
हेलेदच्या देखत.
कात्री नुसती कापतच नाही, हेही मान्य.

तरी शेवटच्या दिवशी,
रंगाऱ्यांची पाठ वळल्यावर,
पहिल्या खांबाला, पाण्यापासून हातभर वर,
मी एक कडी ठोकली.
नाव बांधायची.
दिग्दर्शक आला, वाकून बघितलं.
"ही कशाला?"
"पुलाच्या आधीपासूनची आहे," म्हटलं.
"राहू दे. जुनी वाटते."

पडद्यावर चार सेकंद.
राणी पुढे, सैन्य मागे,
एकही घोडा मेलेला नाही.
तोंड मिटलेलं, गुपित जसंच्या तसं पोटात.
पुढच्या भागात ती भावाला क्षमा करते
आणि दारूच्या गुत्त्यावर गावचे लोक म्हणतात,
हिला हे एकाएकी कसं सुचलं?
मी ग्लासात बघतो.
कारण नदीतच राहिलं, त्यांना कसं सांगू?

डोळे बारीक केले तर
खाली उजव्या कोपऱ्यात कडी दिसते.
मग काळा पडदा, पांढरी अक्षरं,
भराभर वर सरकणारी.
हेलेदनं थांबवून दाखवलं.
माझं नाव होतं.
त्याची नाव नव्हती.

मार्चमध्ये पूल मोडला.
नदी आता परत नुसती नदी आहे,
चालत जाता येत नाही.
लार्चच्या सोळा फळ्या मी घरी आणल्यात,
चहाचा रंग रंध्यानं निघतो,
आतून लाकूड अजून कोवळं.

एवढ्यांचं करणार काय, मारेद विचारते.

अजून कुणालाच सांगितलेलं नाही.