खाच

ज्यामुसीत तेव्हा कॅसेटी किलोवर मिळायच्या.
परदेशातून भंगार म्हणून आलेल्या,
बंदरावरच कुणीतरी करवतीनं कडेला खाच पाडलेल्या,
म्हणजे विकता येऊ नयेत, वितळवाव्यात फक्त.
लुआन शिचुन त्या वितळवायचा नाही.
कागद गिरणीच्या मागे, चुन्याच्या पोत्यांवर बसून
तुटलेली फीत जोडायचा,
जीभ दातांत धरून, सुईत दोरा ओवावा तसा.
मग गाणं यायचं, येत राहायचं,
आणि एका जागी


मग पुढे.

तो ती जागासुद्धा शिकला.
त्याला वाटलं, तसंच असतं ते.
दोन मात्रा पंजा तारांवर पालथा,
मग पुन्हा घाव.
मला म्हणाला, यानच्यू, तिथं तू वाजवायचं नाहीस.
मोजायचं.
मी ड्रमवाली. सव्वीस वर्षं हेच केलं,
पगार म्हणाल तर उकडलेला कोबी.

बाप त्याचा गिरणीत लगदा ढवळायचा.
गिरणी बंद झाली, लाल पुठ्ठ्याचं प्रशस्तिपत्र मिळालं.
"आमच्या कागदावर निदान लिहिता तरी यायचं," तो म्हणाला,
"तुझ्या या आवाजात काय गुंडाळणार?"
आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशनवर आला,
बोलला काहीच नाही,
खिडकीतून आत एक पोतं ढकललं:
गोठून काळीठिक्कर पडलेली नाशपाती.
बीजिंग येईपर्यंत ती वितळली,
आमच्या वह्या, कपडे, ॲम्प्लिफायरची वायर,
सगळं गोड चिकट.

शहराच्या वायव्येला, कोबीच्या शेतांपलीकडे एक खोली.
बेसवाला फू दाचंग कपाटात झोपायचा, दार उघडं ठेवून.
कोळशाचे ठोकळे मोजून जाळायचो,
बोटं वाजवण्याइतकी ऊब आली की बास.
अर्धा देश आम्ही उभ्यानं पाहिला
रेल्वेच्या संडासाशेजारी.
कधी कार्यक्रमाच्याच संध्याकाळी
हॉलची वीज दुरुस्तीसाठी जायची.
आम्ही विचारत नसू.
पोरं अंधारात उभी राहायची,
आणि शिचुन बिनविजेचा गायचा,
घशाची शीर टम्म, दोरखंडासारखी.

अल्बम एकच.
निर्माता भला माणूस, चष्मा पुसत म्हणाला,
"इथं रिकामं का? लोक म्हणतील, टेप खराब आहे."
"खराबच आहे," शिचुन म्हणाला.
आम्ही जेवायला गेलो तेवढ्यात
त्यांनी तिथं कीबोर्ड भरला.
वाट्याला आलेल्या तीस प्रती घेऊन तो घरी आला,
शेजारच्या सुताराची करवत मागितली.
रात्रभर मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.
तसा ताल त्यानं पुन्हा कधी धरला नाही.

मग वर्षं गेली, सांगण्यासारखं फार नाही.
दाचंगनं काचांचं दुकान टाकलं.
बाप वारला तेव्हा आम्ही कुनमिंगला होतो.
एकदा टीव्हीवाल्यांनी बोलावलं,
जुन्या माणसांचा कार्यक्रम,
त्याचे केस रंगवले, मला बारीक दिसेलसा कोट दिला.
खाच आली,
मी मोजलं: एक,
आणि घरी पाहिलं तर
त्यांनी तिथं टाळ्या घातलेल्या.

आता तो हार्बिनला, मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर
मुलांना गिटार शिकवतो, दातांच्या दवाखान्यासमोर.
डावा कान गेला.
परवा भेटलो, शेवयांच्या दुकानात.
एका शिष्येनं त्याला फोनवर शोधून दिलं होतं
ते पहिलं गाणं, अख्खं, न कापलेलं.
उजव्या कानाला लावून ऐकलं त्यानं,
चॉपस्टिक हवेत तशीच.
"काय होतं तिथं?" मी विचारलं.
"ला ला ला," तो म्हणाला,
आणि इतका हसला की ठसका लागला,
व्हिनेगर सांडलं,
मालकीण फडकं घेऊन आली.

बिलावरून भांडलो, रिवाजाप्रमाणे.
बाहेर उणे एकोणतीस.
चालता चालता मी काहीतरी बोलले,
तीस वर्षांत न बोललेलं,
आणि मग लक्षात आलं, मी त्याच्या डाव्या हाताला आहे.
पुन्हा म्हटलं नाही.
मोजलं.
तो थांबला, डोकं चाचपलं.
"टोपी राहिली," म्हणाला, "दुकानात."