घागर

आधी झिंगा गेला. खरं तर तिथेच कळायला हवं होतं.
मग क्लाउनफिशची जोडी,
आज सकाळी पिवळा टँग, जाळीत कागदासारखा.

खारेपणा बरोबर. अमोनिया शून्य.
बाहेर नागपूर सेहेचाळीसवर,
आत चिलर घुमतोय, पाणी सव्वीस.
त्रिमूर्ती नगरच्या दुसऱ्या मजल्यावर मी समुद्राची
थेंबाथेंबाने झडती घेतो,
नळीतला रंग बदलायची वाट बघत.
बदलत नाही.

चार दिवस वर्ध्याला होतो.
किल्ली शेजारच्या वेणूबाई ढोमण्यांकडे.
"आर.ओ.चा कॅन पुरला ना?"
"कायचा पुरते! दोन दिवसांत सरला,
कूलरच्या हवेनं पाणी उडूनच जाते बाप्पा.
मंग माझ्या घागरीतलं टाकलं.
रातभर तांब्यात ठेवलेलं,
चांगलं असते."

ओट्यावर ती घागर.
चिंचेनं घासलेली, खिडकीतलं ऊन पोटावर घेऊन बसलेली.
झिंग्याला तांबं कणभरही सोसत नाही,
हे मला दुकानदारानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्यांनी पेला भरून पुढे केला.
गार होतं. उभ्यानंच प्यालो.
"मासे खुशाल आहेत ना?"

मी आणखी एक पेला मागितला.